गप्प्यासाठी फिल्टर

१

रोज सकाळी चहाच्या आधी मी टाकीतलं पाणी तपासायची. काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब मोजून टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग बघायचा. पिवळा राहिला तर ठीक, हिरवट झाला तर पाण्यात अमोनिया आहे. ऑफिसातही दिवसभर माझं हेच काम. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत मला बावीस वर्षं झाली. दादा म्हणायचा, "ढमे, तू घरात पाऊल टाकलंस की नळाचं पाणीसुद्धा सावरून बसतं."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही दोघंच राहतो, तिसऱ्या मजल्यावर. त्यानं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. बस स्थानकात गाड्या पुकारण्यात त्याचं आयुष्य गेलं. छोट्याशा काचेच्या खोलीत बसून तो माइकवर बोलायचा आणि अख्खं स्थानक मान वर करायचं. "फलाट क्रमांक…" म्हणून तो क्षणभर थांबायचा, आणि मग आकडा सांगायचा. त्या क्षणात माणसं पिशव्या उचलून तयार व्हायची. सगळे त्याला भोंगा म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

नऊ-दहा महिन्यांपूर्वी त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. गाठ होती. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर तो मानेतल्या छिद्रातून श्वास घ्यायचा. त्यावर पातळ कापडाची पट्टी असायची. बोलायचं ते वहीत लिहायचा. घरी आल्यावर आम्ही दोघांनी त्याच्या आवाजाचं एखादं रेकॉर्डिंग शोधलं. एकही सापडलं नाही. इतकी वर्षं रोज हजारो माणसांनी ऐकलेला आवाज, पण तो जपून ठेवावा असं कोणालाच सुचलं नव्हतं. आम्हालाही नाही.

दवाखान्याशेजारी पाळायचे मासे विकणारं दुकान आहे. तिथं एक दिवस दादा काचेसमोर खिळून उभा राहिला. आत वीतभर लांबीचा, फिकट गुलाबी प्राणी होता. चार पाय, रुंद हसरं तोंड, पापण्या नसलेले डोळे, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले. पाटीवर 'ॲक्सोलॉटल' असं लिहिलं होतं. दादानं वही काढली आणि लिहिलं, 'हाही मानेनंच श्वास घेतो. आपलाच माणूस.'

त्याच संध्याकाळी तो टाकीसकट दादाच्या खोलीत आला. त्याचं नाव दादानं ठेवलं गप्प्या.

२

टाकीबरोबर आलेला फिल्टर मागच्या काचेवर टांगायचा होता. पाणी वर ओढायचा आणि धबधब्यासारखं परत टाकायचा. पाणी स्वच्छ राहायचं, पण आठवडाभरात गप्प्याचे कल्ले पुढे वळले, जोराच्या वाऱ्यात केस तोंडावर यावेत तसे. शेपटीचं टोक हुकासारखं वळलं. तो एका कोपऱ्यात भिंतीला तोंड करून बसू लागला.

मी दुकानात गेले. दुकानाच्या मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं.

"अहो, त्याला वाहतं पाणी सोसत नाही," त्या म्हणाल्या. "हा संथ तळ्यातला जीव. तुम्ही त्याला नदीत नेऊन ठेवलंय."

"मग काय लावू?"

"दोन रस्ते आहेत. एक, हा डब्याचा फिल्टर. टाकीच्या खाली ठेवायचा. ताकद भरपूर, पण पाणी परत येतं ते तोंड काचेकडे वळवायचं म्हणजे धार मोडते. दुसरा हा." त्यांनी काळ्या स्पंजाचा एक गोळा दाखवला. मधून पोकळ नळी होती. "हवेच्या पंपाला जोडायचा. बुडबुडे नळीतून वर जातात, पाणी हळूहळू स्पंजातून ओढलं जातं. धार अशी नाहीच. या स्पंजात चांगले जंतू घर करतात, तेच घाण खातात. फक्त त्यांना जम बसवायला वेळ द्या. महिनाभर दोन्ही फिल्टर सोबत चालवा, मगच जुना काढा."

"आवाज येतो का?"

"बुडबुड येते थोडी. सवय होते. आमच्याकडे तर त्याशिवाय झोप लागत नाही कोणाला."

मी स्पंजाचा घेतला. दादाच्या खोलीत शांतता जास्तच झाली होती. थोडी बुडबुड झाली तर बरंच, असंही मनात आलं. हे मला नंतर फार वेळा आठवलं.

महिन्यानं, एका रविवारी, मी जुना फिल्टर बंद करून उतरवला. धबधबा थांबला. तासाभरात गप्प्याचे कल्ले मोकळे झाले, शेपटी सरळ झाली. दादानं टाळी वाजवली.

३

नंतरच्या आठवड्यात कधीतरी मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. संध्याकाळचे सहा वाजले असतील. दादाच्या खोलीत कोणीतरी बोलत होतं.

बंद दारापलीकडून येतं तसं. शब्द नाहीत, नुसता चढउतार. दादा रेडिओ ऐकतोय, असं समजून मी चिरत राहिले. मग दादा गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन पुढच्या दारातून आत आला.

मी खोलीत जाऊन पाहिलं. रेडिओ बंद होता. स्पंजाच्या नळीतून बुडबुडे वर येत होते आणि फुटत होते. ती बुडबुडच होती. मी स्वतःशी हसले. पंख्याच्या घरघरीत गाणं ऐकू येतं, नळाच्या धारेत फोन वाजल्यासारखा वाटतो. मेंदूची ही खोड मला ठाऊक आहे. आठ महिने ज्याचा आवाज ऐकला नाही, त्याचा आवाज कान शोधणारच.

तरी मी उभी राहिले आणि घड्याळ लावून ऐकलं. बुडबुडे सलग येत होते. बुडबुड, बुडबुड, बुडबुड. मग क्षणभर काहीच नाही. मग एकच मोठा बुडबुडा.

पुन्हा सलग. पुन्हा तो थांबा. मग एक.

पंपात दोष असेल म्हणून मी पंप बदलला. नळीला चिमटा लावून हवा कमी केली, मग वाढवली. बुडबुड्यांचा वेग बदलला, जाडी बदलली. थांबा तेवढाच राहिला. आकड्याच्या आधीचा.

दादाला मी काही बोलले नाही. बरा होत होता तो. त्याच्या डोक्यात कशाला किडा सोडायचा?

४

पण दादा बदलला होता. पूर्वी मी ऑफिसातून आले की वही घेऊन माझ्या मागं मागं फिरायचा. आता खुर्ची टाकीला लावून बसायचा. खोलीचं दार लोटलेलं असायचं. मी आत गेले की वही मिटायचा.

एका सकाळी तो अंघोळीला गेला असताना त्याच्या खोलीचा केर काढताना वही खाली पडली आणि उघडली. दादाच्या वहीत नेहमी एकाच बाजूचं बोलणं असायचं, कारण दुसरी बाजू मी तोंडानं बोलायची. म्हणून ती पानं वाचताना माझे प्रश्न मला आपोआप आठवायचे. 'मीठ कमी आहे.' 'उद्या ड्रेसिंग.' 'छत्री ने.'

त्या पानावरचं मला काहीच आठवेना.

'हो, ओळखला.'

'गिळताना अजून त्रास होतो.'

'ती साडेपाचला येते.'

'नाही, सांगितलं नाही.'

'तिचं लाडाचं नाव ढमी.'

मग बरीच खाडाखोड. खाली, पेन जोरात दाबून:

'मग मी कुठे राहू?'

दादा दारात उभा होता. केसांतून पाणी गळत होतं.

"हे कोणाशी?" मी विचारलं.

त्यानं वही माझ्या हातून घेतली आणि लिहिलं, 'मीच माझ्याशी. वेळ जात नाही.'

"दादा, मलाही ऐकू येतं. मी तो फिल्टर बदलते. दुसरा आहे दुकानात, डब्याचा."

त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. त्यानं इतक्या घाईनं लिहिलं की कागद फाटला. 'हात लावू नकोस. माझा आवाज आहे तो.' मग खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'तुला काय कळणार. तुझा तुझ्याकडे आहे.'

मी ऑफिसला निघून गेले. चुकलंच माझं.

५

तीन दिवसांनी प्रयोगशाळेतली वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. दीड वाजता मी आमच्या जिन्यात होते. दुसऱ्या मजल्यावर पोचले आणि दादाचा आवाज ऐकला.

शंकाच नव्हती. स्वच्छ, भरदार, छातीतून आलेला. "फलाट क्रमांक… चार. गाडी सुटण्याच्या तयारीत आहे."

मी घाबरले नाही. आनंद झाला होता मला, ते कबूल करायला हवं. उरलेल्या पायऱ्या मी धावत चढले. काहीतरी झालंय, डॉक्टर म्हणाले होते तसं कधीकधी काहीतरी होतं, असं मनात घोकत मी किल्ली शोधत होते आणि रडत होते.

आतला आवाज थांबला.

"ढमे," तो म्हणाला, "दाराशी का उभी? ये की आत."

मी किल्ली कुलपात घातली. तेवढ्यात खालून पावलं वाजली. कोणीतरी सावकाश, कठड्याला धरून, दर पाच पायऱ्यांवर दम खात वर येत होतं. त्या चढण्याची लय मला पाठ होती.

वळणावर दादा दिसला. हातात दवाखान्याची पिशवी, मानेवर नवी पट्टी. मला पाहून त्यानं भुवया उंचावल्या, लवकर कशी, अशा अर्थानं.

आतून आवाज आला. या वेळी हळू, दाराच्या अगदी जवळून आल्यासारखा.

"तोही आलाय का गं बरोबर?"

पिशवी दादाच्या हातून पडली. बाटली फुटली आणि औषध पायऱ्यांवरून खाली ओघळलं. दादानं माझं मनगट धरलं. त्याची बोटं बर्फासारखी गार होती. पट्टी आत ओढली जात होती, बाहेर फुगत होती, आत ओढली जात होती.

त्यानं खिशातून वही काढली आणि भिंतीला टेकवून लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली.

'मला वाटत होतं, तो मी आहे.'

६

घरात कोणी नव्हतं. दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, मी सगळी दारं उघडून पाहिली. दादाच्या खोलीत पडदे ओढलेले होते. टाकीत बुडबुडे वर येत होते. गप्प्या लांबच्या कोपऱ्यात काचेला चिकटला होता. पाणी संथ होतं, धार कुठेच नव्हती, तरी त्याचे कल्ले पार पुढे वळले होते.

मी पंपाचं बटण बंद केलं. शेवटचे दोनचार बुडबुडे आले. एक शब्द अर्धा राहिला. तो काय होता ते मी सांगणार नाही, कारण मला तो नीट ऐकू आला नाही, असं मी ठरवलंय.

स्पंज मी हातानंच बाहेर काढला आणि बादलीवर धरला. स्पंज धुवायचा तर नळीवरून ओढून काढायचा असतो. तो निघेना. आत काहीतरी घट्ट होतं. कानाच्या वरच्या भागात मऊ, लवचीक हाड असतं ना, तसं बोटांना लागलं. मी अंगठ्यांनी स्पंज फाकवला आणि नळीच्या तोंडात पाहिलं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर घशाच्या आतलं चित्र दाखवलं होतं. दोन फिकट, ओल्या घड्या, मध्ये फट. श्वास घेतला की उघडायच्या, बोललं की मिटायच्या.

नळीच्या तोंडात त्या घड्या होत्या. नव्या, गुलाबी, निरोगी. माझ्या डोळ्यांदेखत त्या उघडल्या आणि हवा आत घेतली.

माझ्या हातून स्पंज बादलीत पडला. मी मागे सरले ती थेट कपाटावर आदळले. दादा पुढे झाला. वाकून तो बादलीत बघत राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. तो घाबरला होता, पण नुसता घाबरलेला नव्हता. बऱ्याच वर्षांनी घरचं माणूस दारात दिसावं, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"दादा, सरक. ब्लीच आणते मी. ओतून टाकू."

त्यानं मान हलवली. बादलीची कडी उचलली. वहीत लिहिलं, 'माझं आहे. मीच टाकतो.' आणि तो न्हाणीघरात गेला. आतून कडी लागली.

पाणी ओतल्याचा आवाज येईल म्हणून मी वाट पाहत राहिले. आला नाही. मी दार ठोठावलं. "दादा, कडी काढ. दादा!" मी खांद्यानं धक्के दिले. आत बादली घासली. मग पट्टीचं कापड टरकन फाटल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही.

मग कोणीतरी खोकलं. दादाचा खोकला आठ महिने मानेतून यायचा, नुसती हवा, सायकलच्या पंपासारखी. हा खोकला घशातून आला. भरदार.

कडी निघाली. दादा बाहेर आला. हातातली बादली रिकामी होती. गळ्यापाशी त्यानं टॉवेल घट्ट गुंडाळला होता. टॉवेल ओला होता.

"टाकलंस?" मी विचारलं. माझंच बोलणं मला ऐकू येत नव्हतं.

"हो," दादा म्हणाला.

७

त्याला आता पाच आठवडे झाले.

शेजारीपाजारी पेढ्यांसारखी ही बातमी वाटत सुटले. बस स्थानकातल्या लोकांनी त्याला बोलावून घेतलं आणि एक दुपार माइकवर बसवलं. खाली फलाटांवर माणसं टाळ्या वाजवत होती म्हणे. डॉक्टरांकडे तो जात नाही. "बरं झालंय की सगळं, उगाच कशाला ढवळायचं?" म्हणतो. गळ्याला कायम मफलर असतो. दवाखान्यातून फोन आला तर तोच उचलतो आणि गोड बोलून ठेवून देतो.

टाकीला मी डब्याचा फिल्टर लावला. पाण्याचं तोंड काचेकडे वळवलंय, त्यामुळे धार मोडते. पाणी तपासलं, सगळं ठीक आहे. मी एकटी खोलीत असले की गप्प्याचे कल्ले मोकळे असतात. दादा दारात आला की ते पुढे वळतात.

मी त्याला बारीकसारीक विचारून पाहिलंय. आई भाजी कुठल्या पिशवीत आणायची. मी आठवीत असताना कोणाची तुटकी टेनिस रॅकेट लपवली होती. त्यानं सगळं बरोबर सांगितलं, थट्टा करत, पूर्वीसारखं. उत्तराआधी तो क्षणभर थांबतो, एवढंच. पूर्वी फक्त माइकवर थांबायचा.

आणि त्याचा उजवा हात. तो कायम मांडीवर पडलेला असतो. दादा आता डाव्या हातानं जेवतो, डाव्या हातानं दार उघडतो. विचारलं तर म्हणतो, "मुंग्या येतात गं त्याला. जाईल आपोआप."

आज रविवार. दुपारी आम्ही समोरासमोर जेवायला बसलो होतो. तो मला एका चालकाचा किस्सा सांगत होता. चुकीच्या फलाटावर गाडी लावून त्या चालकानं भलत्याच गावची माणसं भरली होती. मोठ्या रंगात आला होता. हसताना मफलर हलत होता.

टेबलाखाली काहीतरी माझ्या गुडघ्याला लागलं. मी दचकले, पण ओरडले नाही. दादाचा उजवा हात होता. चाचपडत तो माझ्या हातापर्यंत आला. बोटं बर्फासारखी गार होती. त्यानं माझा तळवा उलगडला.

वर आवाज बोलतच होता. "…आणि सगळी माणसं आपली निवांत झोपलेली!"

तळव्यावर बोट फिरू लागलं. सावकाश, दर अक्षराला दम खात. आधी पूर्ण शिरोरेषा, मग तिच्याखाली अक्षरं. शाळेत असल्यापासून दादा असंच लिहायचा आणि गुरुजींचा मार खायचा.

'याचं ऐकू नकोस.'

मग बोटानं खाली अजून काहीतरी लिहायला घेतलं. शिरोरेषा झाली आणि हात एकाएकी मागं ओढला गेला, कोणीतरी दुसऱ्यानं ओढावा तसा.

"काय गं ढमे," समोरून आवाज आला. मी मान वर केली. दादाचे डोळे पाण्यानं डबडबलेले होते, आणि तोंड हसत होतं. "किस्सा आवडला नाही का?"

मी तळव्याची मूठ घट्ट मिटली.

"आवडला की," मी म्हटलं, आणि मोठ्यानं हसले.